देशी कापसाची गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसाची ५२

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीचे आणि कापसाचे नाते फार जुने आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी उभी राहिली आणि तिच्या जोरावर सेलू, मानवत यांसारख्या बाजारपेठा नावारूपास आल्या. हैदराबाद संस्थानाच्या काळात परभणी आणि नांदेड हा भाग 'गावरानी' कापसाचा मुलूख म्हणून ओळखला जाई. गावरानी ६, गावरानी १२, गावरानी ४६ ही त्या कापसातून निवडलेल्या सुधारित वाणांची नावे वृद्ध शेतकऱ्यांच्या अजून स्मरणात असतील. पुढे अमेरिकन कापूस आला, त्याचे संकरित वाण आले आणि २००२ मध्ये बी.टी. कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाल्यानंतर देशी कापसाचे क्षेत्र फारच आक्रसले.

या दोन्ही कापसांचे गुणदोष शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक आहेत. देशी झाड काटक असते. त्याचे मूळ खोल जाते, पावसाने ताण दिला तरी ते तग धरते आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. परंतु त्याचे बोंड लहान आणि धागा आखूड. अमेरिकन कापसाचे बोंड मोठे आणि धागा लांब, पण त्याला खत, पाणी आणि फवारणीचा खर्च अधिक. तेव्हा शिवारफेरीच्या वेळी एक प्रश्न हमखास पुढे येतो: देशीचा काटकपणा आणि अमेरिकनचा धागा एकाच झाडात का आणता येऊ नये? गाईंमध्ये, कोंबड्यांमध्ये संकर होतो, ज्वारीत होतो, मग या दोन कापसांतच अडचण कोणती?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर झाडाच्या पेशीत दडलेल्या एका हिशेबात आहे. तो हिशेब समजला म्हणजे बियाणे कसे राखावे आणि कोणत्या जमिनीत कोणता कापूस घ्यावा, याविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर होतात.

गुणसूत्रे म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात सुतासारखे अतिसूक्ष्म घटक असतात. त्यांना गुणसूत्रे किंवा रंगसूत्रे असे म्हणतात. विशिष्ट रंग दिल्यावर ती सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, म्हणून रंगसूत्रे हे नाव पडले. पानाचा आकार, फुलाचा रंग, धाग्याची लांबी, रोगास प्रतिकार करण्याची शक्ती असे वडिलोपार्जित गुण ठरविणारी जनुके या गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात.

गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. जोडीतील एक मातृवृक्षाकडून, तर दुसरे पितृवृक्षाकडून आलेले असते. परागकण आणि बीजांड तयार होण्याच्या वेळी या जोड्या प्रथम एकमेकींस बिलगतात आणि मग विभागल्या जातात, म्हणजे परागकणात जोडीतील एकच गुणसूत्र जाते. बीजांडातही तसेच घडते. फलन झाले की दोन निम्मे एकत्र येऊन पुन्हा पूर्ण संख्या होते. यामुळेच पिढी कितीही बदलली तरी एका जातीतील गुणसूत्रांची संख्या कायम राहते. ज्वारीत ती २०, तुरीत २२, तर भुईमुगात ४० असते.

आपल्या देशी कापसात ही संख्या २६, म्हणजे १३ जोड्या आहे. अमेरिकन कापसात ती ५२, म्हणजे २६ जोड्या आहे. संकराच्या मार्गातील मुख्य अडचण ती हीच.

संख्येत होणारे बदल

गुणसूत्रांच्या संख्येत दोन प्रकारांनी बदल होतो. पहिल्या प्रकारात एखादेच गुणसूत्र वाढते किंवा कमी होते. पेशी विभागताना एखादी जोडी नीट सुटली नाही की असे घडते. याचे उत्तम उदाहरण धोतऱ्यात सापडले. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी १९२० च्या सुमारास धोतऱ्याच्या एका जातीची असंख्य झाडे तपासली. धोतऱ्यात २४ गुणसूत्रे, म्हणजे १२ जोड्या असतात. काही झाडांत मात्र २५ गुणसूत्रे आढळली. बारा जोड्यांपैकी ज्या जोडीतील गुणसूत्र वाढलेले असे, त्याप्रमाणे धोतऱ्याच्या काटेरी फळाचा आकार बदले, आणि असे बारा निरनिराळे प्रकार त्यांना ओळखता आले. केवळ एका गुणसूत्राच्या फरकाने झाडाचे रूप किती पालटते, हे त्यावरून सिद्ध झाले. अशी झाडे बहुधा निरोगी झाडांपेक्षा अशक्त असतात.

दुसऱ्या प्रकारात गुणसूत्रांचे संपूर्ण संच वाढतात. आपल्या घरातील गव्हाचेच पाहा. खपली गव्हात ७ गुणसूत्रांचे ४ संच, म्हणजे २८ गुणसूत्रे असतात. पोळीसाठी सर्वत्र वापरला जाणारा गहू मात्र ६ संचांचा, म्हणजे ४२ गुणसूत्रांचा असतो. अर्धापूर परिसरातील केळी सर्वांच्या परिचयाची आहेत. खाण्याच्या या केळीत ११ गुणसूत्रांचे ३ संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तीन हा आकडा विषम आहे, त्यामुळे जोड्या लागत नाहीत. जोड्या लागत नाहीत म्हणून बी धरत नाही, आणि बी धरत नाही म्हणूनच केळे बिनबियाचे व गोड गराचे असते. केळीची लागवड मुनव्यांनी करावी लागते त्याचे कारणही हेच होय. निसर्गातील हिशेब चुकला तर तो प्रत्येक वेळी तोट्याचाच ठरतो असे नाही, हे केळीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

रचनेत होणारे बदल

कधी कधी संख्या तीच राहते, परंतु गुणसूत्राची घडण बदलते. हे बदल चार प्रकारचे असतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा गळून जातो, तेव्हा त्यावरील गुणही नाहीसे होतात. एखादा तुकडा दुबार होतो. एखादा तुकडा तुटून त्याच जागी उलटा बसतो, त्यामुळे जनुकांचा क्रम उलटतो. चौथ्या प्रकारात एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्रास जाऊन चिकटतो. यास स्थानांतरण म्हणतात.

स्थानांतरणाचे उदाहरण भारताच्या कापसातच आहे. परभणीच्या गावरानी कापसाची जात एक आणि गुजरात व कर्नाटक यांच्या काही भागांत होणाऱ्या देशी कापसाची जात दुसरी. दोहोंत गुणसूत्रे २६ च, पण एका जातीत दोन गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केलेली आहे. यामुळे दोहोंचा संकर होतो आणि पहिल्या पिढीची झाडे जोमदारही वाढतात, परंतु पुढील पिढीत अशक्त आणि कमी फळधारणेची झाडे निघू लागतात.

या बदलाचा लाभही घेता येतो. राय नावाच्या धान्यातील एका गुणसूत्राचा तुकडा गव्हाच्या गुणसूत्रावर आला आणि त्यासोबत तांबेरा रोगास प्रतिकार करणारी जनुके गव्हास मिळाली. उत्तर भारतात एके काळी मोठ्या क्षेत्रावर घेतल्या गेलेल्या पी.बी.डब्ल्यू. ३४३ या गव्हात हा तुकडा होता. पुढे रोगाच्या नव्या प्रकारांपुढे तो प्रतिकार टिकला नाही ही गोष्ट वेगळी. परंतु एका पिकाचा गुण दुसऱ्या पिकात नेण्याची वाट त्यातून दिसली.

अमेरिकन कापसाच्या घरात देशीचे नाते

आता पुन्हा कापसाकडे वळू. अमेरिकन कापसातील ५२ गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता २६ आकाराने मोठी आणि २६ लहान दिसतात. मोठी गुणसूत्रे देशी कापसाच्या गुणसूत्रांशी जुळतात. लहान गुणसूत्रे अमेरिका खंडातील रानटी कापसाच्या गुणसूत्रांशी जुळतात. यावरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, दहा लाख वर्षांहून अधिक काळापूर्वी देशी गटाच्या एका पूर्वजाचा आणि अमेरिकेतील रानटी कापसाचा निसर्गतःच संकर झाला असावा आणि त्या संकराची गुणसूत्रे दुप्पट होऊन अमेरिकन कापूस जन्मास आला असावा.

हा केवळ तर्क राहिला नाही. अमेरिकेतील बीस्ली यांनी देशी कापूस आणि अमेरिकेतील रानटी कापूस यांचा संकर करून त्याची गुणसूत्रे दुप्पट केली आणि १९४० मध्ये त्याविषयी माहिती प्रसिद्ध केली. अशा रीतीने तयार झालेल्या झाडाचा अमेरिकन कापसाशी संकर जुळून आला. म्हणजे दोन्ही कापूस परके नाहीत. एका अर्थाने अमेरिकन कापसाच्या घरात निम्मे नाते देशीचेच आहे. मग त्यांचा सरळ संकर का साधत नाही?

तेरा जोड्या जुंपल्या, तेरा बैल मोकळे

देशी कापसाच्या परागकणात १३ गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन कापसाच्या बीजांडात २६. दोहोंची बेरीज ३९ होते. पहिली अडचण अशी की, असा संकर करू गेल्यास बहुतेक कोवळी बोंडे थोड्याच दिवसांत गळून पडतात. प्रयत्नाने एखादे बी मिळाले आणि झाड वाढले तरी ते बहुधा वांझ निघते.

हे वांझपण बैलजोडीच्या उपमेने समजावून देता येईल. नांगरास बैल जोडीनेच जुंपावे लागतात. संकराच्या पेशीत देशी कापसाची १३ गुणसूत्रे आहेत आणि अमेरिकन कापसातील १३ मोठी गुणसूत्रे त्यांच्या नात्याची आहेत. त्यांच्या १३ जोड्या जुंपल्या जातात. उरलेल्या १३ लहान गुणसूत्रांना जोडीदारच नाही. ती मोकळ्या बैलांप्रमाणे वाट फुटेल तिकडे जातात. काही या परागकणात जातात, काही त्या परागकणात जातात आणि काही वाटेतच नष्ट होतात. हिशेब बिघडलेले असे परागकण आणि बीजांडे निकामी ठरतात. झाड हिरवेगार आणि जोमदार दिसते, फुलेही येतात, पण बोंडे धरत नाहीत.

याउलट गुजरातमधील एच-४ हा संकरित कापूस १९७० मध्ये यशस्वी झाला. त्याचे दोन्ही जनक ५२ गुणसूत्रांचे, एकाच जातीचे होते. धारवाडचा वरलक्ष्मी हा संकर १९७२ चा. त्याचे जनक दोन भिन्न जातींचे असले तरी दोघांतही गुणसूत्रे ५२ च होती. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राचा एन.एच.एच. ४४ हा संकरही ५२ गुणसूत्रांच्या जनकांचाच आहे. संख्या जुळली की जोड्या लागतात आणि जोड्या लागल्या की बोंड भरते.

अडसर ओलांडण्याची युक्ती

गुणसूत्रांची संख्या मुद्दाम दुप्पट करण्याचे साधन १९३७ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती आले. ते साधन म्हणजे कॉल्चिसिन हे द्रव्य. आपल्याकडे कुंपणावर आणि रानात उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांतही ते असते. पेशी विभागत असताना या द्रव्याचा प्रयोग केला तर गुणसूत्रे दुप्पट होतात, परंतु पेशीचे दोन भाग पडत नाहीत. परिणामी एकाच पेशीत दुप्पट गुणसूत्रे राहतात. हे द्रव्य अत्यंत विषारी असून त्याचा प्रयोग प्रयोगशाळेतच करावयाचा असतो, हे येथे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे.

या युक्तीने दोन मार्ग खुले झाले. एक, ३९ गुणसूत्रांच्या वांझ संकराची संख्या दुप्पट करून ७८ करणे. मग मोकळ्या तेरांनाही जोडीदार मिळतात आणि झाड फळते. दुसरा, प्रथम देशी कापसाचीच संख्या २६ वरून ५२ करणे आणि नंतर त्याचा अमेरिकन कापसाशी संकर करणे. दोन्ही मार्गांनी मिळालेल्या झाडांचा हव्या त्या जनकाशी पुनःपुन्हा संकर करून अनेक पिढ्या निवड करावी लागते. जादा गुणसूत्रे हळूहळू गळून जातात, पण नात्याच्या जोड्या बिलगलेल्या असताना अमेरिकन गुणसूत्राचे काही तुकडे देशी गुणसूत्रावर येऊन बसतात. लांब धाग्याचे गुण या तुकड्यांसोबत येतात. म्हणजे संख्येतील बदलाने दार उघडले आणि रचनेतील बदलाने माल घरात आणला.

सुरत येथे देशी व अमेरिकन कापसाच्या अशा संकरातून देविराज आणि देवितेज हे अमेरिकन पद्धतीचे वाण पूर्वी तयार झाले होते. परभणीत मात्र उलट दिशेने काम झाले. येथे देशी कापूस देशीच ठेवून त्याचा धागा लांब करावयाचा होता. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या, मेहबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्राने हे काम चिकाटीने केले. देशी कापसाची संख्या दुप्पट करून अमेरिकन कापसाशी संकर करण्याचे प्रयोग परभणीत झाले, आणि अशा संकरांच्या वंशातून लांब धाग्याचे देशी वाण निवडले गेले. पी.ए. २५५ म्हणजे परभणी तुराब, पी.ए. ४०२ म्हणजे विनायक, पी.ए. ०८, आणि अलीकडील पी.ए. ७४०, पी.ए. ८१०, पी.ए. ८१२ हे वाण याच परभणीच्या मालिकेतील होत. जुन्या गावरानी कापसाचा धागा सुमारे २२ मिलिमीटर भरे. या मालिकेतील वाणांचा धागा २७ ते २९ मिलिमीटरच्या आसपास असतो. झाडाची गुणसूत्रे मात्र २६ च आहेत आणि त्याचा काटकपणाही देशीचाच आहे.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, देशी आणि अमेरिकन कापूस शेजारी असले तरी त्यांचा सहजासहजी संकर होत नाही. देशीच्या शेजारी अमेरिकन पेरल्याने देशीचे बी 'अमेरिकन होते' ही समजूत चुकीची आहे. परंतु दोन देशी वाण, किंवा दोन अमेरिकन वाण, शेजारी असतील तर मधमाश्यांच्या द्वारे परागाची सरमिसळ होते. म्हणून बीजोत्पादनाच्या शेतात सरळ वाणांसाठी विलगीकरणाचे अंतर पायाभूत बियाण्यास ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यास ३० मीटर ठेवतात. देशी वाण सरळ वाण असल्याने शेतकऱ्यास घरची सरकी पुढील वर्षी वापरता येते. त्यासाठी शेताच्या मध्यभागातील निरोगी झाडांचा कापूस वेगळा वेचून वेगळाच पिंजून घ्यावा. संकरित वाणाची सरकी मात्र पुन्हा पेरू नये, कारण पुढील पिढीत गुणांची फाटाफूट होते.

दुसरी गोष्ट, खरा धोका परागाचा नसून पोत्याचा आहे. सरकीची सरमिसळ जिनिंगमध्ये, गाडीत आणि घरच्या कोठीत होते. शेतात आलेली परकी झाडे फुलोऱ्यापूर्वी किंवा फुलोऱ्यात ओळखून उपटावीत. देशी झाडाची पाने खोल कातरलेली आणि खंड अरुंद असतात, फूल पिवळे किंवा पांढरे असून पाकळीच्या तळाशी लाल-जांभळा ठिपका असतो, पात्याभोवतीच्या हिरव्या पानांच्या कडा जवळजवळ अखंड असतात आणि बोंड लहान, टोकदार, बहुधा तीन कप्प्यांचे असते. अमेरिकन झाडाची पाने रुंद, फूल फिकट पिवळसर असून दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारे, पात्याभोवतीची पाने लांब दातेरी आणि बोंड मोठे, चार ते पाच कप्प्यांचे असते. दोन्ही कापसांची वेचणी आणि साठवण वेगळी ठेवावी. आखूड आणि लांब धाग्याची सरमिसळ झाली की दोहोंचाही भाव पडतो.

तिसरी गोष्ट, शेतात एखादे झाड इतरांपेक्षा उंच आणि हिरवेगार, पण बोंडे न धरणारे दिसले तर त्याचे बी राखण्याच्या मोहात पडू नये. असे झाड गुणसूत्रांच्या बिघाडाचे असू शकते. किडीने किंवा रोगानेही बोंडे गळतात, म्हणून प्रथम कीड तपासावी. कीड नसेल तर झाडावर खूण करून ते कृषी सहायकास दाखवावे.

चौथी गोष्ट जमिनीची. मध्यम आणि हलक्या कोरडवाहू जमिनीत, जेथे पावसाचा भरवसा नाही आणि फवारणीचा खर्च परवडत नाही, तेथे लांब धाग्याच्या देशी वाणाचा विचार अवश्य करावा. भारी जमीन आणि संरक्षक पाण्याची सोय असेल तेथे अमेरिकन कापूस अधिक उत्पन्न देतो. देशी वाणाच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. मर रोग आणि दहिया रोग देशी कापसाचे शत्रू आहेत, म्हणून मर रोगास प्रतिकारक्षम वाणच निवडावा. फुटलेल्या बोंडातील कापूस लवकर खाली गळतो, म्हणून वेचण्या वरचेवर कराव्या लागतात. देशी सरळ वाणात बी.टी. जनुक नाही, म्हणून बोंडअळीवर लक्ष ठेवून तिचे वेळीच नियंत्रण करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय सभेत शिकवताना आकड्यांचे ओझे वाढवू नये. एका बाजूस देशीची आणि दुसऱ्या बाजूस अमेरिकनची पाने, फुले, बोंडे मांडावीत आणि २६ व ५२ हे दोनच आकडे फळ्यावर लिहावेत. तेरा जोड्या आणि तेरा मोकळे बैल यांचा दाखला दिला की पुढचा हिशेब शेतकरी स्वतःच मांडतो, कारण जोडीवाचून औत चालत नाही हे त्याला शिकवावे लागत नाही.

देशी कापूस मागे पडला तो धाग्याच्या लांबीपायी. ती उणीव आता पुष्कळशी भरून निघाली आहे. ज्या जमिनीने गावरानी कापसाला नाव दिले, त्या जमिनीत त्याच वंशातील सुधारलेला कापूस पुन्हा पेरावयाचा की नाही, हे ठरविणे परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती आहे. खरिपाचे बियाणे आणण्यापूर्वी आपली जमीन, आपले पाणी आणि आपला खर्च यांचा मेळ घालून त्याने हा निर्णय करावा.